कच्चा लिंबू नको: दिव्यांग आणि बाकीच्या पोरांना शाळेत एकत्र खेळवताना नेहमी येणारे प्रश्न

मी मिरज-तासगाव पट्ट्यातल्या एका शाळेत पीटी शिकवते. शनिवारी सकाळची शाळा असते, कवायत उरकली की पुढचा तास-दीड तास आमच्याकडं सगळी पोरं एकत्र खेळतात, म्हणजे व्हीलचेअरवरची, न दिसणारी, न ऐकू येणारी, हळू शिकणारी आणि ज्यांना काहीच झालेलं नाही ती पण. आसपासच्या शाळांतले सर, मॅडम, पालक फोनवर तेच तेच विचारतात म्हणून एकदाचं बसून लिहून काढलं. लोकांनी विचारलं तसं लिहिलंय, त्यामुळे कुठं लांबलंय, कुठं दोन ओळीत संपलंय.

हे नक्की काय असतं? पॅरालिम्पिकसारखं का?

नाही. पॅरालिम्पिक म्हणजे दिव्यांग खेळाडूंची आपापसातली स्पर्धा. १९४८ ला इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलात लुडविग गुटमान नावाच्या डॉक्टरांनी पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी ती सुरू केली आणि १९६० ला रोममध्ये पहिलं पॅरालिम्पिक झालं. आपण म्हणतोय ते शाळेतलं, एकाच वर्गातल्या पोरांचं. खेळ असा बदलायचा की दोन्हीकडची पोरं एकाच टीममध्ये खरीखुरी खेळतील.

'खरीखुरी' हा शब्द महत्त्वाचा. लहानपणी गल्लीत खेळताना कुणाचं बारकं भावंड मागं लागलं की आपण त्याला कच्चा लिंबू करायचो ना? म्हणजे तो खेळतोय पण आऊट होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही, त्याचा पॉइंट धरत नाहीत. दिव्यांग मुलाला 'खेळात घेतलं' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. तो आऊट झाला तर आऊट, त्यानं पॉइंट घेतला तर पॉइंट, राज्य आलं तर त्यानंच घ्यायचं, एवढं पाळलं तर बाकीचं जमतं.

आमच्या शाळेत असा एकच मुलगा आहे, एकासाठी एवढं कशाला?

एकच आहे म्हणून तर सोपं आहे. आणि खरंच एकच आहे का ते एकदा नीट बघा. जाड चष्मा लावून पण फळ्यावरचं न दिसणारी, एका कानानं कमी ऐकणारी, कवायतीत सारखी मागं पडणारी पोरं प्रत्येक वर्गात असतात, त्यांची कुठं नोंद नसते. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यातले कितीतरी नुसतं बघून कळत नाहीत. आम्ही दोघांसाठी सुरू केलं होतं, पहिल्या दोन महिन्यात आणखी पाच पोरं अशी निघाली की जी 'पोट दुखतंय' म्हणून दर शनिवारी वर्गात बसायची.

बाकीच्या पोरांचा खेळ पुचाट होत नाही का?

हा प्रश्न पालक हळू आवाजात विचारतात. होतो, जर तुम्ही त्यांना 'जरा सोडून द्या रे त्याला' असं सांगितलंत तर.

मी स्वतः ही चूक केलेली आहे. पहिल्याच वर्षी शंभर मीटरला एका पोराला (सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूमुळं स्नायूंवर नीट ताबा नसतो, पाय आत वळलेले, पण पळायची हौस दांडगी) जिंकवायचं म्हणून बाकीच्या चौघांना गुपचूप सांगितलं की शेवटी स्लो व्हा. झाले. तो पहिला आला, टाळ्या झाल्या, मुख्याध्यापकांनी पाठ थोपटली. नंतर पोरं पाणी प्यायला गेल्यावर तो एकटाच माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही सांगितलं होतं ना त्यांला?" मला काय बोलावं ते सुचेना. पुढचे दोन शनिवार तो आलाच नाही. तेव्हापासून आमच्याकडं जो तो आपापल्या मागच्या वेळेशी पळतो, नाहीतर सुरुवातीची रेघ प्रत्येकाला वेगळी, पण ती सगळ्यांसमोर मापून ठरवायची, गुपचूप नाही. शेवटच्या दहा मीटरला कोण जिंकणार हे कुणालाच माहीत नसतं, मला पण नाही.

मग खेळात बदल करायचा म्हणजे काय काय करायचं?

चारच गोष्टी हलवता येतात. जागा, म्हणजे ग्राउंड लहान-मोठं करणं. काम, म्हणजे पळायच्या ऐवजी फेकणं, उभ्याच्या ऐवजी बसून खेळणं. सामान, म्हणजे बॉल मोठा, हलका, वाजणारा. आणि माणसं, म्हणजे टीममध्ये किती जण, कुणाबरोबर कोण. एका वेळी एकच हलवा आणि बघा काय होतंय ते. चारही एकदम बदलले की पोरं म्हणतात हा काय खेळ आहे का बाई, आणि त्यांचं बरोबर असतं.

कुठले खेळ घ्यायचे? आम्हाला तर कबड्डी-खोखोच येतं.

तेच घ्या की. आपले देशी खेळ बघितले तर निम्मं काम आधीच झालंय.

खोखोत 'खो' देताना नुसतं ओरडून चालत नाही, पाठीला हात लावावा लागतो. म्हणजे ज्या पोराला ऐकू येत नाही त्याला कुठलाही नियम न बदलता खोखो खेळता येतो, फक्त शिट्टीबरोबर हात नाहीतर झेंडा वर करायचा. कबड्डीत रेडर सारखा कबड्डी-कबड्डी म्हणत असतो, त्यामुळे न दिसणाऱ्या मुलाला तो कुठं आहे ते आवाजावरून कळतं, आणि बचाव करणारे साखळी धरून उभे असतात, त्याला साखळीत मधे घ्यायचं, शेजारच्यानं हात दाबला की दिशा कळली. आमच्याकडं पकडापकडी नसते, दोन्ही हातांनी कमरेला टच केलं की आऊट, कारण काही पोरांना जमिनीवर आपटून चालत नाही.

लगोरीत व्हीलचेअरवरून वाकता येत नाही, तर फरशीचे तुकडे पालथ्या बादलीवर रचायचे. बास, एवढाच बदल.

लंगडीचं सांगितलंच पाहिजे. नाव ऐकून मला पहिल्यांदा वाटलं हा खेळ नको, कुणाला वाईट वाटेल. सहावीत एक पोरगं होतं, गुडघ्याखाली एक पाय नाही, कृत्रिम पाय लावून यायचं. त्यानंच विचारलं, बाई लंगडी का नाही घेत? पाय काढून पत्र्याच्या डब्यावर ठेवला आणि चौकोनात उतरला. घरात लहानपणापासून एका पायावरच उड्या मारत हिंडलेलं लेकरू ते, त्याचा तोल बघून बाकीची पोरं गप्पच झाली, एका दमात सहा जण बाद केले त्यानं. आता टीम पाडताना पहिलं नाव त्याचं घेतात आणि त्यावरून भांडतात.

बाहेरच्या खेळांपैकी तीन घ्या: बोचा, गोलबॉल आणि बसून व्हॉलीबॉल.

बोचा म्हणजे काय? नाव पहिल्यांदा ऐकलं.

गोट्या खेळल्यात ना, त्याचाच चुलतभाऊ. एक पांढरा बॉल आधी टाकायचा, मग एका बाजूचे सहा लाल, दुसऱ्या बाजूचे सहा निळे, ज्याचा बॉल पांढऱ्याच्या जास्त जवळ तो जिंकला. समोरच्याच्या सगळ्यात जवळच्या बॉलपेक्षा आपले जेवढे बॉल आत, तेवढे पॉइंट. ज्याचा बॉल लांब आहे त्यानं पुढचा टाकायचा. पॅरालिम्पिकमध्ये हा १९८४ पासून आहे. खरं कोर्ट साडेबारा बाय सहा मीटर, आम्ही व्हरांड्यात त्याच्या निम्म्यात खेळतो.

खरा बॉल साधारण पावणेतीनशे ग्रॅमचा, फार टणक नाही, फार मऊ नाही, जास्त गडगडत नाही. तो विकत आणायची गरज नाही. जुन्या मोज्यात शाळू भरायचा, घट्ट गाठ मारून दुसऱ्या मोज्यात उलटा घालायचा आणि शिवून टाकायचा. सहा लाल मोजे, सहा निळे, एक पांढरा. वजन किराणा दुकानात काट्यावर करून घेतलं. पहिल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत हे सगळे बॉल सामानाच्या खोलीत तसेच राहिले आणि जूनमध्ये बघतो तर उंदरांनी तेराच्या तेरा फस्त केलेले, नुसते मोजे उरलेत, ते पण अर्धे. आता पत्र्याच्या डब्यात ठेवतो.

ज्यांना हातानं फेकताच येत नाही त्यांच्यासाठी घसरगुंडीसारखा उतार असतो. आम्ही शेतातल्या पाइपलाइनचा चार इंची पीव्हीसी पाइप तीन-साडेतीन फुटांचा घेतला, प्लंबरकडून उभा चिरून दोन पन्हाळ्या केल्या, कडा कानसनं घासल्या. बॉल त्यात बरोबर बसतो. मूल हनुवटीनं, कोपरानं, डोक्याला बांधलेल्या काडीनं, कशानंही बॉल ढकलू शकतं.

यातला एक नियम मला सगळ्यात आवडतो. उतार हलवणारा जो मदतनीस असतो, त्यानं कोर्टकडं पाठ करून बसायचं, वळून बघायचं नाही. म्हणजे कुठं टाकायचं ते खेळणाराच ठरवणार, मदतनीस फक्त हात. आमच्या सातवीतल्या एका मुलीला बोलता नीट येत नाही, ती डोळ्यांनी डावीकडं-उजवीकडं दाखवते आणि तिची मैत्रीण तिच्या तोंडाकडं बघत पाइप सरकवते. एकदा चुरशीच्या वेळी मैत्रिणीला राहवलं नाही, तिनं हळूच मान वळवली, तशी समोरची अख्खी टीम उठून ओरडायला लागली, "बघितलं, बघितलं, फाऊल!" अशी जुंपली की मला शिट्टी मारून खेळ थांबवायला लागला. आणि ती मुलगी खुर्चीत बसून रागानं लाल झालेली, मैत्रिणीवर, कारण तिच्यामुळं पॉइंट गेला. मी फाऊल दिला.

गोलबॉल फक्त अंध मुलांचा खेळ ना?

मूळचा तसाच आहे, दुसऱ्या महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी १९४६ ला निघालेला. पण यात सगळ्यांनीच डोळ्यांवर पट्टी बांधायची असते, त्यामुळं दिसणारी पोरं आपोआप कच्ची पडतात आणि न दिसणारं पोरगं कॅप्टन होतं. तीन-तीन जणांची टीम, १८ बाय ९ मीटरचं कोर्ट, आतून घुंगरू वाजणारा सव्वा किलोचा बॉल जमिनीवरून घरंगळवायचा, समोरच्यांनी आडवं पडून अंगावर अडवायचा. आम्ही साधा फुटबॉल प्लास्टिकच्या कॅरीबॅगमध्ये गुंडाळतो, खरखर वाजतो, काम होतं. पट्टीला स्काउटचा स्कार्फ. रेघ हाताला लागावी म्हणून फक्कीच्या ऐवजी जमिनीवर सुतळी ठेवून तिच्यावर चिकटपट्टी मारायची, हे त्या खऱ्या कोर्टवरही असंच करतात.

अडचण एकच. बघणाऱ्यांनी गप्प बसायचं असतं. आमच्या शाळेत दीडशे पोरं तीन मिनिटं गप्प बसणं हा स्वतंत्र खेळ आहे.

बसून व्हॉलीबॉलला काय लागतं?

बॅडमिंटनचं नेट खाली बांधा. मोठ्या पुरुषांना १.१५ मीटर, बायकांना १.०५ मीटर उंची असते, लहान पोरांना एक मीटर पुष्कळ. कोर्ट १० बाय ६. बॉल मारताना बूड उचलायचं नाही, एवढा एक नियम पाळला तर खेळ फार जोरात होतो आणि धडधाकट पोरांचीच दमछाक होते कारण त्यांना हातावर सरकायची सवय नसते. मुरमावर बसून चड्ड्या फाटतात, घरून फोन येतात, म्हणून ताडपत्री नाहीतर सतरंज्या अंथरा.

अंध मुलांना क्रिकेटच पाहिजे असतं, त्याचं काय?

पाहिजेच असणार, आपलीच पोरं. अंध क्रिकेटचा बॉल टणक प्लास्टिकचा आणि आत छर्रे असतात, सायकलच्या दुकानात मिळतात तसले. बोलिंग खांद्याखालून, बॉल पिचच्या निम्म्याच्या आत एकदा तरी टप्पा पडला पाहिजे म्हणजे आवाज येतो. टाकायच्या आधी बोलर 'रेडी' विचारतो, बॅट्समननं 'येस' म्हटल्यावर 'प्ले' म्हणून टाकतो. अकरामध्ये कमीत कमी चार जण अजिबात न दिसणारे लागतात आणि त्यांनी काढलेल्या रन डबल धरतात. यावर कुणी कुरकुर केली की मी त्याला पट्टी बांधून एक ओव्हर खेळायला लावते.

धावण्याच्या शर्यतीत न दिसणाऱ्या मुलाबरोबर गाइड, म्हणजे दिसणारा जोडीदार पळतो, दोघांच्या हातात बुटाच्या नाडीचं एक कडं. गाइडनं ओढायचं नाही आणि फिनिशला आधी पोचायचं नाही, आधी पोचला तर शर्यत बाद. हे शिकायला गाइडलाच जास्त दिवस लागतात.

न ऐकू येणाऱ्या मुलांसाठी?

सगळ्यात कमी बदल. शिट्टीच्या जोडीला झेंडा, नियम तोंडी सांगायच्या आधी करून दाखवायचे, बोलताना सूर्याकडं तोंड करून आपण उभं राहायचं म्हणजे मुलाच्या डोळ्यावर ऊन येत नाही आणि ओठ दिसतात. कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून कानात बसवलेलं ऐकायचं यंत्र) असेल तर बाहेरचं मशीन धक्काबुक्कीच्या खेळात काढून ठेवायचं, कुणाकडं दिलंय ते लक्षात ठेवायचं.

हळू शिकणारी, ऑटिझमवाली मुलं नियम पाळत नाहीत, मधेच उठून जातात.

फोनवर लोक 'मतिमंद' म्हणतात, आधी तो शब्द सोडू, बौद्धिक दिव्यांगता म्हणू. नियम पाळत नाहीत म्हणजे बहुतेक वेळा आपण पाच नियम एकदम सांगितलेले असतात. एका शनिवारी एक नियम. टीमची पट्टी अंगात घालायची, उभं राहायची जागा फक्कीच्या गोलानं आखायची, खेळ कधी संपणार ते आधी सांगायचं आणि तेवढ्यालाच संपवायचा. काही मुलांना शिट्टी सहन होत नाही, कानावर हात ठेवून पळून जातात. आमचा एक जण असाच होता, मी शिट्टी सोडून डफलीवर एक थाप मारायला लागले आणि पुढच्या आठवड्यात ती डफली वाजवायचं काम त्यानंच मागून घेतलं. उठून गेला तर जाऊ द्या, पण परत यायची जागा ठेवा.

स्पेशल ऑलिम्पिक्स ही बौद्धिक दिव्यांगांच्या खेळांची संस्था, त्यांचा 'युनिफाइड' म्हणून प्रकार आहे, एका टीममध्ये बौद्धिक दिव्यांगता असलेली आणि नसलेली पोरं मिळून खेळतात. फुटबॉल, बॅडमिंटन डबल्सला फार छान जमतं.

लागलं-बिगलं तर? जबाबदारी कुणाची?

लागतंच. खेळात सगळ्यांनाच लागतं. पण काही गोष्टी आधी माहीत पाहिजेत आणि त्या पालकांना विचारूनच कळतात, म्हणून वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाच्या आईला बोलावून दहा मिनिटं बसा.

डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात. डॉक्टरांनी चालेल म्हणेपर्यंत कोलांटउडी, डोक्यानं फुटबॉल मारणं, पाण्यात सूर मारणं बंद. मान दुखायला लागली, चाल बदलली, लघवीवरचा ताबा गेला तर खेळ थांबवून लगेच दवाखाना. डोक्यात पाणी होतं म्हणून शंट (ते पाणी काढणारी नळी) टाकलेल्या मुलाला, रक्त न गोठणाऱ्या मुलाला धडकाधडकीचे खेळ नकोत.

फिट येणारी मुलं खेळू शकतात, पण पोहणं आणि उंचावर चढणं कुणीतरी शेजारी असल्याशिवाय नाही. फिट आलीच तर कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, घड्याळ बघा. चप्पल हुंगवू नका, कांदा हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. पाच मिनिटांच्या वर गेली तर १०८.

पायात संवेदना नसलेल्या मुलांचं विशेष सांगते, कारण ते कुणाच्या लक्षात येत नाही. उन्हात तापलेल्या व्हीलचेअरच्या पत्र्यावर, तापलेल्या ताडपत्रीवर त्यांना चटका बसला तरी कळत नाही, संध्याकाळी घरी फोड दिसतो. पाठीचा कणा वरती दुखावलेला असेल तर घाम पण नीट येत नाही, अंग तापतं. आपल्याकडं मार्च-एप्रिलमध्ये, जत-आटपाडीकडं तर विचारूच नका, नऊच्या आत सगळं आवरा, ओला रुमाल मानेवर ठेवा.

ग्राउंडवर व्हीलचेअर चालतच नाही.

काळ्या रानातल्या शाळांचं हे दुखणं आहे, पावसाळ्यात चाकं रुततात आणि उन्हाळ्यात भेगात अडकतात. सगळं ग्राउंड काही नीट करायला नको. ध्वजस्तंभाजवळचा फरशीचा तुकडा, व्हरांडा, नाहीतर गावातलं देवळासमोरचं पटांगण. आम्ही ग्रामपंचायतीला सांगून एक ट्रॉली मुरूम टाकून रोलर फिरवून घेतला, दोन वर्षं टिकला. मागच्या बाजूला उलटू नये म्हणून खुर्चीला जी छोटी चाकं असतात ती काढून ठेवलेली असली तर परत लावा, आणि कमरेला पट्टा.

आणि संडास बघा. हे खेळाशी काय संबंध असं वाटेल, पण आमच्या एका मुलीनं महिनाभर शनिवारी सकाळी पाणीच प्यायचं नाही असं ठरवलेलं होतं कारण संडासाला तीन पायऱ्या. चक्कर येऊन पडली तेव्हा कळलं.

खेळायला सर्टिफिकेट, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) लागतं का?

शाळेत खेळायला काहीच लागत नाही. स्पर्धांना, योजनांना लागतं, तिथं साधारण ४० टक्के दिव्यांगत्वाची अट असते. कार्डासाठी ऑनलाइन अर्ज आणि सरकारी दवाखान्यात तपासणी. कागद होईपर्यंत मुलाला बाजूला बसवू नका.

मुख्याध्यापक नाही म्हणतात.

भांडायच्या आधी चहा घ्या. नाहीच जमलं तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १६ दाखवा. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि शिक्षणाबरोबरच खेळाची, करमणुकीची संधी बाकीच्यांच्या बरोबरीनं द्यायची असं त्यात सरळ लिहिलंय. कलम ३० अख्खं खेळावरच आहे. पैशाचं म्हणाल तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेमधून सरकारी शाळांना खेळाच्या सामानासाठी अनुदान ठरलेलं आहे, प्राथमिकला ५,०००, उच्च प्राथमिकला १०,००० आणि माध्यमिकच्या पुढं २५,००० रुपयांपर्यंत. त्यातून दरवर्षी त्याच रिंगा आणि डंबेल्स येण्यापेक्षा दोन वाजणारे बॉल येऊ देत. गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात त्यांना बोलवा, त्यांनाही ऑफिसमधून ग्राउंडवर यायला आवडतं.

घरचेच पाठवत नाहीत.

मुलगी असेल तर जास्तच. 'तिला कशाला उन्हात, पडली-झडली तर लग्नाचं काय' इथपासून. मी भाषण देत नाही, आईला म्हणते एकदा येऊन बसा. आजीला आणलं तर आणखी बरं. आजी गोष्टी लवकर कबूल करतात.

पुढं स्पर्धेत जाता येतं का?

येतं आणि आपल्या सांगली जिल्ह्याला तर हे सांगायची गरजच नसावी. पेठ नाक्यावरून आपण शंभर वेळा जातो, त्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, आधी लष्करात बॉक्सिंग करायचे, मग पोहायला लागले आणि १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलला ३७.३३ सेकंदात गोल्ड, वर्ल्ड रेकॉर्डसकट. भारताचं ते पहिलं पॅरालिम्पिक गोल्ड. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. आणि आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी, शाळेत असताना हाताला अपघात झाला, २०२४ ला पॅरिसमध्ये गोळाफेकीत १६.३२ मीटर टाकून सिल्व्हर. माझ्या पोरांना मी १६.३२ मीटर फक्कीनं आखून दाखवलं, तिकडच्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, इथपर्यंत? लोखंडाचा?

वाटा वेगवेगळ्या आहेत हे मात्र लक्षात ठेवा, नाहीतर फॉर्म भलतीकडंच जातो. शारीरिक आणि दृष्टीची दिव्यांगता असेल तर पॅरा स्पोर्ट्सच्या संघटना, तिथं आधी वर्गीकरण होतं, खिलारींचा एफ-४६ म्हणजे मैदानी फेकीतला हाताच्या दिव्यांगतेचा गट. बौद्धिक दिव्यांगतेला स्पेशल ऑलिम्पिक्स भारत, तिथं आठ वर्षं पूर्ण लागतात. कर्णबधिरांचं सगळं वेगळं, त्यांची डेफलिम्पिक्स तर १९२४ पासून चालू आहे. खेलो इंडियाच्या पॅरा स्पर्धा डिसेंबर २०२३ ला दिल्लीत सुरू झाल्या. पहिली चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करा.

पण दहातली नऊ पोरं कुठं मेडल आणायला जाणार नाहीत, बाकीची पण जात नाहीतच की.

क्रीडा दिनाला दिव्यांग मुलांचा एखादा कार्यक्रम ठेवायचा आहे, काय ठेवू?

वेगळा काही ठेवू नका. आमच्या शेजारच्या एका शाळेत १५ जानेवारीला, म्हणजे खाशाबा जाधवांच्या जयंतीला जो राज्य क्रीडा दिन असतो, व्हीलचेअरवरच्या मुलाला पाहुण्यांच्या शेजारी बसवलं, हार घातला, फुगे सोडायला लावले आणि मग दिवसभर तो सावलीत बसून दुसऱ्यांचे खेळ बघत होता. सगळ्यांना वाटलं किती छान केलं. त्याला रस्सीखेचेत शेवटच्या जागी बांधला असता, चाकाला ब्रेक लावून, तर त्या टीमला कुणी हलवलं नसतं.

किती शिक्षक लागतात?

तीस पोरांना आम्ही दोघी आणि नववीची सहा पोरं. नववीवाल्यांना आधी दोन शनिवार पट्टी बांधून, खुर्चीत बसवून खेळायला लावतो.

आम्हाला बघायला यायचं आहे, येऊ का?

या. शनिवारी साडेआठला ग्राउंडवर असतो, परीक्षा आणि यात्रा सोडून. बूट घाला, पांढरे कपडे नको, फक्की उडते. आणि घरात जुने लाल किंवा निळे मोजे असतील तर घेऊन या, भोकाचे नकोत. शाळू आमच्याकडं आहे.